सोपे लॅटिन, अवघड रोम

इंग्लंडमधील सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांतल्या मुलांनाही लॅटिन शिकता यावे, म्हणून तेथील हुजूर पक्षाच्या सरकारने 2021 मध्ये 40 लाख पौंडांची एक योजना जाहीर केली. पुढील वर्षी 40 शाळांत ती सुरू झाली. फेब्रुवारी 2025 मध्ये, शालेय वर्ष अर्धे सरले असताना, नव्या मजूर सरकारने तिचे अनुदान बंद केले. कारण देण्यात आले ते काटकसरीचे. ब्रिटनच्या अर्थसंकल्पाचा आकार पाहता ही रक्कम म्हणजे दर्यात खसखस होती. त्यामुळे वाचले किती, यापेक्षा बंद पडले काय, याचा विचार अधिक महत्त्वाचा ठरतो. मृत म्हणवल्या जाणाऱ्या भाषेवर सरकारने पैसा खर्च करावा काय, हा प्रश्न या निमित्ताने पुन्हा विचारला गेला. त्याचे उत्तर आणखी दोन प्रश्नांवर अवलंबून आहे. ही भाषा कोणाला शिकवायची आणि तिच्यातून काय शिकवायचे, हे ते प्रश्न होत.

पहिल्या प्रश्नाचे स्वरूप आकड्यांवरूनच स्पष्ट होते. योजना जाहीर करताना ब्रिटिश कौन्सिलच्या एका पाहणीचा आधार घेण्यात आला होता. तिच्यानुसार अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांना लॅटिन शिकवणाऱ्या सरकारी शाळा 3 टक्क्यांहूनही कमी होत्या. भरमसाट शुल्क आकारणाऱ्या खासगी शाळांत हेच प्रमाण 49 टक्के होते. ही दरी आजची नाही. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथील प्रवेशासाठी असलेली लॅटिनची अट 1960 च्या सुमारास उठली; तोपर्यंत लॅटिन ही त्या विद्यापीठांच्या दाराची किल्ली होती आणि ती मोजक्या शाळांच्या हाती होती. हिंदुस्थानातील सनदी नोकरीसाठी 1855 मध्ये लंडनला स्पर्धा परीक्षा सुरू झाली, तेव्हा तिच्या आराखड्यात लॅटिनला 750 गुण होते आणि ग्रीकलाही 750. संस्कृतला 375 आणि अरबीला 375. ज्या देशावर राज्य करायचे, त्या देशाच्या अभिजात भाषेला रोमच्या भाषेच्या निम्मी किंमत! आपण रोमन साम्राज्याचे वारस आहोत, ही इंग्रज राज्यकर्त्यांची समजूत या साध्या गुणपत्रिकेत जितकी स्पष्ट उमटली आहे, तितकी ती मोठमोठ्या भाषणांतही सापडणार नाही.

मात्र या वारसदारांना रोम शिकवला कसा जात होता? शाळामास्तर बेंजामिन केनेडी यांचे लॅटिन व्याकरणाचे पुस्तक 1866 मध्ये निघाले, 1888 मध्ये सुधारले गेले आणि पुढील अनेक पिढ्यांनी ते घोकले. नामाच्या विभक्ती, क्रियापदाची रूपे, अपवाद आणि अपवादांचे अपवाद, असा तो क्रम होता. महाराष्ट्रात ज्यांनी शाळेत ‘राम’ आणि ‘हरि’ हे शब्द चालवले आहेत, त्यांना या पद्धतीची ओळख करून देण्याची गरज नाही. रूपे पाठ झाली की विद्यार्थ्याच्या हाती सीझरचा गॉलवरील स्वाऱ्यांचा वृत्तांत दिला जाई. सीझरची वाक्ये शिस्तबद्ध आणि शब्दसंग्रह मर्यादित असल्यामुळे ही निवड सोयीची होती. परिणाम असा झाला, की तीन-चार वर्षे लॅटिन शिकलेल्या मुलाला छावणीभोवती खंदक कसा खणतात हे ठाऊक असे. पण रोमन माणूस काय खाई, घरभाडे कोणाला देई, त्याची बायको दिवसभर काय करी आणि त्याचे पाणी कोण भरी, याचा त्याला पत्ता नसे. ज्यांना सीझरपर्यंतही पोचता आले नाही, त्यांच्या वाट्याला नुसते व्याकरण आले. मुलांनी केनेडींच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर अक्षरे वाढवून त्याला बिस्किटे खाण्याचे पुस्तक बनवण्याचा खेळ पिढ्यान् पिढ्या चालू ठेवला, यात नवल नाही.

विद्यापीठांची अट उठताच हे सारे कोसळण्याची चिन्हे दिसू लागली. सक्ती गेल्यावर मुले स्वखुशीने येतील असे या विषयात काय आहे, हे शिक्षकांना प्रथमच स्वतःला विचारावे लागले. या विचारमंथनातून 1966 मध्ये केंब्रिज येथे एक प्रकल्प उभा राहिला आणि 1970 पासून त्याची पाठ्यपुस्तके बाहेर पडू लागली. त्यांची रचना निराळी होती. पहिल्या पानापासून गोष्ट सुरू होते. पॉम्पेई शहरातील एक सावकार, त्याची पत्नी मेटेला, मुलगा क्विंटस, गुलाम क्लेमेन्स, स्वयंपाकी ग्रुमियो आणि दाराशी बांधलेला कुत्रा ही तिच्यातील पात्रे. चित्राखाली एकेक छोटे वाक्य असते आणि व्याकरण वाचनाच्या ओघात मागाहून समजावले जाते. घर, बाजार, नाटकगृह, स्नानगृह, निवडणूक, द्वंद्वयुद्धाचे रिंगण अशा वळणांनी कथा पुढे सरकते आणि व्हेसुव्हियसच्या इ.स. 79 मधील उद्रेकाशी तिचा पहिला भाग संपतो. त्यानंतर वाचक ब्रिटन, अलेक्झांड्रिया आणि रोम येथे जातो. भाषा आणि इतिहास हे दोन तास वेगळे न ठेवता एकाच गोष्टीत ते विणले गेले.

ही कल्पना केंब्रिजला नव्याने सुचली असे मात्र नव्हे. रोमन साम्राज्याच्या पूर्व भागात ग्रीक बोलणारे तरुण लॅटिन शिकत, तेव्हा त्यांच्यासाठी दोन स्तंभांत लिहिलेले छोटे संवाद असत. डावीकडे एक भाषा आणि उजवीकडे दुसरी. मुलगा सकाळी उठतो, कपडे व जोडे मागवतो, तोंड धुतो, आईवडिलांना वंदन करून शाळेत जातो, धडा म्हणून दाखवतो आणि जेवायला घरी येतो, असा त्यांचा विषय असे. बाजारहाट, स्नान, कर्जाची देवघेव यांवरही असे पाठ होते. एलिनॉर डिकी या विदुषींनी अलीकडच्या वर्षांत ते संपादित करून पुन्हा विद्यार्थ्यांच्या हाती दिले आहेत. कायद्याच्या धंद्यात किंवा सरकारी सेवेत शिरण्यासाठी राज्यकर्त्यांची भाषा शिकणारा तो ग्रीक तरुण महाराष्ट्रातील वाचकाला परका वाटू नये. पोटासाठी इंग्रजी शिकलेल्या कारकुनांच्या कित्येक पिढ्या त्याच्याच जातकुळीच्या आहेत. पुढे 1658 मध्ये कोमेनियसने चित्रे आणि वाक्ये शेजारी शेजारी छापून मुलांसाठी जगाचा चित्रसंग्रह काढला. विसाव्या शतकाच्या आरंभी केंब्रिजच्या पर्स स्कूलचे मुख्याध्यापक डब्ल्यू. एच. डी. राउस यांनी वर्गात लॅटिन बोलूनच लॅटिन शिकवण्याचा आग्रह धरला. राउस यांचा जन्म 1863 मध्ये कलकत्त्याचा. केंब्रिज विद्यापीठात त्यांनी अनेक वर्षे संस्कृतही शिकवले. डेन्मार्कचे हान्स ओर्बेर्ग यांनी 1955 मध्ये असे पुस्तक सिद्ध केले, की ज्याच्यात लॅटिनखेरीज दुसऱ्या भाषेतील एकही शब्द नाही. एका रोमन कुटुंबाच्या कथेतून, चित्रांच्या व संदर्भाच्या आधारे, वाचक पुढे पुढे जात राहतो.

सोप्या वाचनाच्या या मार्गावर पंडितांचा पहिला आक्षेप असा, की हे खरे लॅटिन नव्हे. विसाव्या शतकातील शिक्षकांनी रचलेली वाक्ये वाचून कोणी सिसेरो किंवा व्हर्जिलपर्यंत पोचत नाही. रूपे पक्की नसली की मूळ ग्रंथ हाती येताच विद्यार्थी अडखळतो. या आक्षेपात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. गोष्टीच्या नादात अर्थ अंदाजाने लावण्याची सवय लागते आणि अंदाजाला मर्यादा असतात. परंतु ज्या पद्धतीने बहुसंख्य मुलांना व्हर्जिलच्या दारापर्यंतही नेले नाही, तिच्या अभिमान्यांनी हा आक्षेप घेताना थोडा संकोच बाळगला पाहिजे. व्याकरण टाळून भाषा येत नाही, हे खरेच. पण ज्याला पुढे काय झाले हे जाणून घ्यायचे आहे, तो विद्यार्थी व्याकरणाचे ओझे अधिक आनंदाने उचलतो. सोपा पाठ हा विद्येचा अवमान नसून तिचा उंबरठा आहे. उंबरठ्यालाच घर समजू नये, एवढी दक्षता शिक्षकाने घ्यावी.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे आणि त्याचा संबंध व्याकरणाशी नसून सत्याशी आहे. गोष्ट सोपी आणि हसरी करण्याच्या भरात त्या समाजाचे चित्रच गोड करून टाकले गेले, असा तो आक्षेप आहे. केंब्रिजच्या जुन्या आवृत्त्यांतील गुलाम खुशालचेंडू आहेत. स्वयंपाकी आळशी आणि रंगेल आहे. धनी रागावतो, पण घर एकंदरीत सुखात नांदते. एका पाठात सावकार बाजारात जाऊन मेलिसा नावाची गुलाम मुलगी विकत घेतो. तिला पाहून घरातले पुरुष खूश होतात, घरधनीण तेवढी नाराज होते आणि वर्गात हशा पिकतो. अकरा-बारा वर्षांच्या मुलामुलींनी एका मुलीच्या खरेदीवर हसावे, अशी त्या पाठाची योजना होती. भाषा सोपी करताना माणसाची विक्रीही सोपी होऊन गेली, हे लिहिणाऱ्यांच्या ध्यानात आले नाही आणि वाचणाऱ्यांनाही बराच काळ खटकले नाही.

हे अधिक खटकण्याचे कारण असे, की या कथेचा नायक काल्पनिक नाही. लुकियस कायकिलियस युकुंडस हा पॉम्पेईत खरोखर होऊन गेला. 1875 मध्ये त्याच्या घराच्या उत्खननात दीडशेहून अधिक मेणपाट्या सापडल्या. लिलावात विकलेल्या मालाचे पैसे विक्रेत्यांना पोचल्याच्या पावत्या त्यांवर आहेत आणि बहुतेक इ.स. 50 ते 62 या काळातील आहेत. लिलाव पुकारणाऱ्या, दलाली कापून घेणाऱ्या आणि साक्षीदारांच्या मोहरा उमटवून घेणाऱ्या या व्यवहारी माणसाचा दप्तरखानाच जणू ज्वालामुखीच्या राखेने जतन करून ठेवला. त्यातील काही पावत्या नगराला दिलेल्या खंडाच्या आहेत आणि त्या लिहून देणारा प्रिवाटस हा नगराच्या मालकीचा गुलाम आहे. नगराचा महसूल स्वीकारणारा, त्याची पोच स्वतःच्या हाताने लिहिणारा आणि तरीही स्वतः मालमत्तेच्या यादीत मोडणारा हा कारकून कोणत्याही विनोदी स्वयंपाक्यापेक्षा रोम अधिक चांगला समजावून देतो. गुलामगिरी म्हणजे केवळ साखळ्या नव्हेत आणि केवळ थट्टामस्करी तर नव्हेच; ती सगळ्या कारभाराच्या मुळाशी असलेली व्यवस्था होती, हे त्याच्या एका पावतीवरून कळते.

जमिनीखालून येणारा पुरावाही हेच सांगतो. पॉम्पेईबाहेर चिविता जुलियाना येथील वाड्यात 2021 मध्ये गुलामांची एक खोली उघडकीस आली. सोळा चौरस मीटरांच्या त्या जागेत तीन खाटा आहेत, त्यांतील एक लहान मुलाला पुरेल एवढीच. उजेडासाठी वर एक झरोका आणि खाटांच्या आजूबाजूला धन्याच्या गाडीचे सामान व मातीचे रांजण. पॉम्पेईतच उजेडात आलेल्या एका भटारखान्याची माहिती 2023 च्या अखेरीस जाहीर झाली. त्याच्या छोट्या खिडक्यांना लोखंडी गज होते. आत गाढवे आणि माणसे एकत्र कोंडून धान्य दळवून घेतले जाई आणि बाहेर रस्त्यावर उघडणारे दारच नव्हते. पाठ्यपुस्तकातील सावकाराच्या ताटातली भाकरी अशाच एखाद्या जागी भाजली गेली असणार.

टीकेची दखल घेऊन केंब्रिजच्या पुस्तकांची पाचवी आवृत्ती 2022 मध्ये ब्रिटनमध्ये निघाली. गुलामांचे चित्रण तिच्यात बदलले आहे आणि कुटुंबाला लुकिया नावाची मुलगी देऊन स्त्रियांच्या जीवनाला जागा करून दिली आहे. त्याआधी 2020 मध्ये निघालेल्या दुसऱ्या एका पाठ्यक्रमाने तर श्रीमंताचे घर सोडून रोममधील सुबुरा या दाटीवाटीच्या गरीब वस्तीतच आपली कथा सुरू केली. या बदलांवर अपेक्षेप्रमाणे नाराजीही उमटली. जुन्या ओळखीच्या पात्रांना नव्या नीतीचे चष्मे का लावता, कोवळ्या मुलांना एवढा काळोख कशाला दाखवता, असे विचारले गेले. चष्म्याचा मुद्दा टिकत नाही. कारण काळोख नव्या संपादकांनी आणलेला नाही, तो रोमनांनी स्वतः लिहून ठेवला आहे आणि तोही अगदी सोप्या लॅटिनमध्ये.

रोममधील एका संग्रहालयात गुलामाच्या गळ्यातील लोखंडी कडे आहे. त्याला लोंबणाऱ्या चकतीवर काही ओळी कोरल्या आहेत. मी पळालो आहे, मला धरा; मला माझा धनी झोनिनस याच्याकडे परत आणून द्याल तर सोन्याचे नाणे मिळेल, असा त्यांचा आशय आहे. लॅटिन शिकू लागलेल्या मुलाला थोड्या आधाराने हा मजकूर उलगडता येतो. एक भूतकाळ, एक आज्ञार्थ, एक जेव्हा-तेव्हाचे वाक्य, एवढेच त्याचे व्याकरण. पण ते सोडवून झाल्यावर शिक्षकाने फक्त एक प्रश्न विचारावा: या वाक्यातील ‘मी’ कोण? बोलणारा गुलाम आहे, शब्द धन्याचे आहेत आणि ज्याच्या तोंडी ते घातले त्याला ते पुसण्याचीही मुभा नाही. प्रथमपुरुषी एकवचनाचा याहून भेदक पाठ कोणत्या व्याकरणाच्या पुस्तकात मिळेल? ओर्बेर्ग यांच्या कथेतही एक गुलाम धन्याचे घर सोडून पळतो. ती गोष्ट वाचलेल्या विद्यार्थ्याच्या हाती हे कडे दिले, तर रचलेला पाठ आणि खरा पुरावा एकमेकांना उजळतात.

असे साहित्य थोडे नाही. इंग्लंडच्या उत्तर सीमेवरील विंडोलांडा या रोमन ठाण्यात 1973 पासून शाईने लिहिलेल्या पातळ लाकडी पट्ट्या सापडत आहेत. त्यांपैकी इ.स. 100 च्या सुमाराच्या एका पत्रात क्लॉडिया सेवेरा आपल्या मैत्रिणीला, लेपिडिनाला, वाढदिवसाचे बोलावणे धाडते आणि शेवटच्या काही ओळींसाठी लेखनिकाच्या हातून लेखणी आपल्या हाती घेते. स्त्रीच्या हस्ताक्षरातील लॅटिनचे हे सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी एक आहे. लहान मुलांसाठी 1999 मध्ये निघालेल्या एका लोकप्रिय वाचनपुस्तकाने याच कुटुंबाची कथा गुंफली. मात्र त्याच ठाण्यातील दुसऱ्या एका पट्टीवर स्थानिक लोकांच्या लढण्याच्या रीतीचे टिपण आहे आणि त्यात त्यांचा उल्लेख तुच्छतेने, ‘क्षुद्र ब्रिटन’ अशा अर्थाच्या शब्दाने, केला आहे. साम्राज्याचे वारस म्हणून वाढलेल्या मुलांनी आपल्याच भूमीतील माणसांना जेत्याने दिलेले हे नाव वाचावे, यासारखे इतिहासाचे शिक्षण नाही. 1855 च्या परीक्षेत 750 गुणांसाठी बसलेल्या उमेदवारांना ही पट्टी वाचायला मिळती, तर त्यांपैकी एखाद्याच्या तरी मनात शंकेची पाल चुकचुकली असती.

रोम हा युरोपातील मोजक्या घराण्यांचा वारसा नाही, याची साक्ष खुद्द पॉम्पेईनेही दिली आहे. तेथील एका घरात 1938 मध्ये एक वीतभर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. ती भारतीय घडणीची असून आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्याशी जवळचे साम्य असलेल्या मूर्ती धाराशिव जिल्ह्यातील तेर आणि जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे मिळाल्या आहेत. सातवाहनांच्या काळातील तेर म्हणजेच पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनात आलेले तगर. म्हणजे कायकिलियस ज्या रस्त्यांवरून लिलावाला जात होता, त्याच शहरात दख्खनच्या कारागिरीशी नाते सांगणारी वस्तू कोणाच्या तरी घरात होती. ती तेथवर कोणत्या हातांनी पोचली, हा प्रश्न लंडनच्या सरकारी शाळेत बसणाऱ्या परदेशी आईबापांच्या मुलाला जितका आपला वाटेल, तितकाच तेरच्या संग्रहालयात उभ्या असलेल्या विद्यार्थ्यालाही वाटेल.

यासाठीच त्या 40 शाळांचे महत्त्व होते. लॅटिन श्रीमंतांच्या शाळांत राहणारच आहे. तेथे कोणाच्या अनुदानाची गरज नाही. सरकारने हात काढून घेतला, की बंद होतो तो केवळ इतरांसाठीचा वर्ग. आणि तो वर्ष निम्म्यावर असताना बंद करणे, म्हणजे पोराला गोष्टीच्या मध्यावर आणून पुस्तक मिटण्यासारखे आहे. भाषेचे शिक्षण ही तीन वर्षांत हिशेब लावून गुंडाळण्याची गोष्ट नव्हे. उंबरठा ओलांडायलाच दोन वर्षे लागतात.

पण सरकारला दोष देऊन शिक्षकांची व पाठ्यपुस्तककारांची जबाबदारी संपत नाही. विषय सर्वांसाठी खुला करायचा, तर तो सोपा करावाच लागेल. वाक्ये लहान करावीत, शब्द मोजके घ्यावेत, चित्रे द्यावीत, गोष्ट रंगवावी. सोपे करू नये ते इतिहासाचे सत्य. ज्या मुलांसाठी रोमचे दार प्रथमच उघडते आहे, त्यांना दिवाणखान्याबरोबर स्वयंपाकघराच्या मागची खोलीही दाखवली पाहिजे. कारण त्यांच्यातील बहुतेकांचे पूर्वज, रोमन काळात जन्मते तर, त्या खोलीतच सापडले असते.